अंतर किती आणि वेळ किती?

पुण्यांतील आमच्या परिचयाच्या एका घरीं एका हिवाळ्यांत वडील माणूस गेलें. मंगळवारची पहांट, पांचाचा सुमार. थोरले चिरंजीव लंडनला, धाकटे घरीं. फोनवरून वार्ता गेली तेव्हां लंडनला आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजले होते. "मी निघतों, शक्य तर माझ्याकरितां थांबा," एवढेंच थोरल्याला बोलवलें. घरांत आतां वडीलकी काकांकडे आली. सारा जन्म हिशेबाच्या नोकरींत गेलेले, ज्यांच्या ताळेबंदांत कधीं पैचा फरक आढळला नाहीं, असे हे गृहस्थ. त्यांनीं त्या दुःखाच्या घटकेलाही मनांत त्रैराशिक मांडलें. मुंबई ते लंडन सात हजार दोनशें किलोमीटर, विमानाचा वेग ताशीं नऊशें, म्हणजे वाट आठ तासांची. पांचांत आठ मिळविले कीं दुपारचा एक. मुंबईहून घरीं यावयास चार तास. दिवस मावळावयाच्या आंत मुलाच्या हातून अग्नि देतां येईल.

दुपारीं थोरल्याचा निरोप आला: 'रात्रीं साडेनऊच्या विमानांत जागा मिळाली. उद्यां दुपारीं बाराला मुंबईस उतरतों.' काकांनीं तो दोनदां वाचला. साडेनऊ ते बारा, साडेचौदा तास! आठ तासांच्या वाटेला साडेचौदा तास लावणारें विमान कोणी घेतें, तर तें स्वस्त आडवळणाचें असलें पाहिजे, असा त्यांनीं मनाशीं निर्णय केला. सूर्यास्ताच्या आधीं धाकट्याच्या हातून सर्व विधि उरकले. थोरला दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं पांचाला उंबऱ्यांत आला, तेव्हां चार माणसांदेखत काकांच्या तोंडून शब्द गेला: "बापासाठीं चार पैसे जास्त टाकून सरळ विमानानें आला असतास!" मुलानें उत्तर केलें नाहीं. तो सरळच विमानानें आला होता.

आम्ही दोघांनाही ओळखतों; दोघेही खरे आहेत. आज ज्या घरांतील एक तरी मूल परदेशीं नाहीं असें घर आमच्या वाचकांत क्वचित् सांपडेल. म्हणून या महिन्यांत या एका भागाकाराचाच विचार करावयाचें आम्हीं ठरविलें आहे.

प्रथम त्या सात हजार दोनशें किलोमीटरांकडे पाहूं. हा आंकडा कोठून आला? मुलांच्या अभ्यासाच्या खोलींत पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर मुंबईस दोऱ्याचें एक टोंक ठेवावें, दुसरें लंडनला, आणि दोरा ताणावा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो. ती वाट वायव्येकडे सौराष्ट्रावरून बलुचिस्तानांत शिरते, इराण ओलांडते, कॉकेशसच्या डोंगरांवरून काळ्या समुद्राकडे वळते, युक्रेनवरून मध्य युरोपांत उतरते आणि जर्मनी-बेल्जम करीत इंग्लंडला लागते. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती मात्र निराळी जाते: अरबी समुद्र, इराणचें आखात, इराक, सीरिया अशी. नकाशावर ही रेघ सरळ दिसते. गोलावर मात्र दोऱ्याच्या वाटेपेक्षां ती सुमारें दोनशें किलोमीटरांनीं लांब भरते. गोल वस्तु सपाट कागदावर पसरावयाची म्हणजे कोठेंतरी लबाडी करावीच लागते. शाळेंत नकाशे टांगतांना ही गोष्ट मुलांना कोणी सांगत नाहीं, आणि मग जन्मभर आपण पट्टीवर भरंवसा ठेवतों.

असो. दोऱ्याची वाट खरी धरली, तरी विमान त्या वाटेनें जातें काय? जमिनीला शिंवा आहेत, आकाशाला नाहींत, असें आपण काव्यांत म्हणतों. कायदा तसें म्हणत नाहीं. १९४४ सालीं शिकागो येथें राष्ट्रांनीं जो करार केला, त्यांत प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सत्ता आहे हें तत्त्व मान्य झालें. आपल्या वाड्यांतून शेजाऱ्याला वाट द्यावयाची कीं दिंडी लावून घ्यावयाची, हा ज्याचा त्याचा अधिकार. २०१९ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस पाकिस्ताननें आपलें आकाश बंद केलें, तें पुरतें उघडावयास जुलैची १६ तारीख उजाडली. २०२५ च्या एप्रिलच्या २४ तारखेस त्यानें तें पुन्हां बंद केलें, पण या खेपेस भारतीय कंपन्यांच्या विमानांपुरतें. त्यामुळें एक विलक्षण प्रकार झाला. तींच दोन शहरें, तोच दिवस. परंतु एका कंपनीचें विमान जवळच्या वाटेनें जातें आणि दुसरीचें ओमानच्या बाजूनें समुद्रावरून वळसा घेतें. अशा वेळीं 'मुंबईहून लंडन किती तास?' या प्रश्नाला 'कोणाच्या विमानानें?' हा उलट प्रश्न केल्याखेरीज उत्तरच देतां येत नाहीं.

युक्रेनची गोष्ट याहून दुःखद. २०१४ च्या १७ जुलैला ॲम्स्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलें मलेशियाचें एक प्रवासी विमान त्या देशाच्या पूर्वभागावरून जात असतां क्षेपणास्त्रानें पाडलें गेलें आणि त्यांतील सर्व २९८ माणसें मेलीं. त्यांतील कोणाचाही खालच्या लढाईशीं कांहीं संबंध नव्हता. त्यांची वाट तेवढी वरून गेली होती. २०२२ च्या २४ फेब्रुवारीस तेथें मोठें युद्ध पेटलें आणि युक्रेनचें सर्व आकाश प्रवासी विमानांस बंद झालें. म्हणजे आपल्या दोऱ्याच्या वाटेवरील एक देश एका टोंकाला आणि एक मधोमध, असे दोन दरवाजे लागले. काकांचा दोरा गोलावर जसाच्या तसा होता. परंतु आकाशांत तो जागोजाग तुटला होता.

आतां वेगाकडे वळूं. ताशीं नऊशें किलोमीटर हा वेग हवेंतला आहे, जमिनीवरचा नव्हे. आणि हवा स्वस्थ बसलेली नसते. नदींत होडी घालणाऱ्यास हें सांगावें लागत नाहीं. प्रवाहाबरोबरची वाट आणि प्रवाहाविरुद्धची वाट एकच असून वेळ दोन लागतात. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे जेथून ही विमानें जातात त्याच थरांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्यांच्या अरुंद, वेगवान नद्या आहेत. हिवाळ्यांत त्यांपैकीं एक पश्चिम आशिया व उत्तर हिंदुस्थान यांवरून वाहते, आणि ताशीं दीडशें-दोनशें किलोमीटर वेग तिला कांहीं विशेष नाहीं. या प्रवाहांचा छडा प्रथम लावला तो वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानें, १९२० नंतरच्या वर्षांत, आकाशांत फुगे सोडून ते दुर्बिणींतून पाहत. आपला शोध सर्व जगाला वाचतां यावा म्हणून त्यानें तो एस्पेरांतो या नव्या जागतिक भाषेंत छापला. ती भाषा फारसें कोणी शिकलें नव्हतें. परिणाम असा कीं दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन वैमानिक जपानवर उंचावरून गेले, तेव्हां तो वारा त्यांना नव्यानें भेटला. सर्वांसाठीं लिहिलें कीं कोणीच वाचीत नाहीं, याचा अनुभव मासिकें चालविणाऱ्यांस थोडाबहुत असतोच.

लीलावतींत शोभेल असें एक उदाहरण येथें घालतों. मुलांना सोडवावयास द्यावें. अंतर ७२०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशीं ९००, समोरून वारा ताशीं १००. जातांना किती, येतांना किती? जातांना ७२०० भागिले ८००, नऊ तास. येतांना ७२०० भागिले १०००, सात तास बारा मिनिटें. जातां जो तास गमावला तो येतां परत मिळाला असें कोणी म्हणेल तर तें खरें नाहीं. वारा नसतां दोन्ही मिळून सोळा तास होतात, वाऱ्यांत सोळा तास बारा मिनिटें. वारा देतो त्यापेक्षां थोडें अधिक घेतो. कारण तो विरुद्ध असतो तेव्हां आपण त्याच्या तावडींत अधिक वेळ असतों.

हा प्रवाह अनुकूल मिळाला तर काय होतें, याचीं दोन उदाहरणें आमच्या टिपणवहींत आहेत. २०२० च्या फेब्रुवारींत अटलांटिकवर मोठें वादळ असतां ब्रिटिश एअरवेजचें एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत आलें. एरवीं या वाटेला सहा तासांहून अधिक लागतात. दुसरें उदाहरण आपल्याकडचें आणि अधिक मौजेचें. एअर इंडियाचें दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान पूर्वीं पश्चिमेकडून, अटलांटिक ओलांडून जात असे. वाट सुमारें १३,९०० किलोमीटर. २०१६ च्या ऑक्टोबरांत तेंच विमान पूर्वेकडून पॅसिफिकवरून नेलें. वाट झाली सुमारें १५,३०० किलोमीटर, आणि वेळ लागला साडेचौदा तास, म्हणजे पूर्वींपेक्षां जवळजवळ दोन तास कमी. चौदाशें किलोमीटर जास्त चालून दोन तास आधीं पोंचलें! त्या वेळीं कित्येकांनीं असें स्पष्टीकरण केलें कीं पृथ्वी फिरते तिच्या दिशेनें गेल्यामुळें हा लाभ झाला. तें बरोबर नव्हे. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते. नाहीं तर विमान उगीच मुंबईवर अधांतरीं उभें करून ठेवावें आणि पांच तासांनीं लंडन आपल्या पायांखालीं येऊं द्यावें, इतकें तें सोपें झालें असतें. लाभ झाला तो वाऱ्याचा.

परंतु काकांना ज्यानें फसविलें तो वारा नव्हता. त्यांना फसविलें घड्याळानें. आणि ही फसगत आपल्या घरांत व्हावी याचें आम्हांस अधिक वाईट वाटतें. कारण स्थळाच्या अंतरांतून काळाचें अंतर निघतें हा विचार आपल्या ज्योतिषाला जुना आहे. 'देशांतर' हा शब्दच पाहा. उज्जयिनीवरून जाणारी मध्यरेषा धरावयाची आणि आपलें गांव तिच्या पूर्वेस किंवा पश्चिमेस जितकें असेल तितक्या घटिका-पळांचा संस्कार गणितास द्यावयाचा, ही आपल्या सिद्धांतकारांची रीत. सूर्याच्या साठ घटिकांत तीनशेंसाठ अंश, म्हणजे एका घटिकेस सहा अंश. आजच्या भाषेंत एका तासास पंधरा. १९०६ पासून हिंदुस्थानचें एकच घड्याळ झालें खरें, तरी मुंबईनें आपलें निराळें घड्याळ १९५५ पर्यंत चालू ठेवलें होतें. तें ग्रीनिचच्या पुढें ४ तास ५१ मिनिटें; सरकारी घड्याळ साडेपांच तास. मुंबईंतील आमच्या आजोबांच्या पिढीला एकाच शहरांत एकुणचाळीस मिनिटांचा फरक मनांत ठेवून गाडी गांठावी लागे, आणि ते ती गांठीत. आपल्याला सवय राहिली नाहीं.

विमानाच्या तिकिटावर निघण्याची वेळ छापतात ती निघावयाच्या गांवची आणि पोंचण्याची छापतात ती पोंचावयाच्या गांवची. ही पद्धत आहे आणि ती योग्य आहे. घ्यावयास येणाऱ्यानें आपल्याच घड्याळाकडे पाहावयाचें असतें. परंतु या दोन वेळांची वजाबाकी करणें म्हणजे रुपयांतून पौंड वजा करणें. लंडनची रात्रींची साडेनऊ म्हणजे हिवाळ्यांत आपली उत्तररात्रीची तीन. तीन ते बारा, नऊ तास. साडेचौदा तासांतील साडेपांच तास कोणी प्रवासांत घालविलेच नव्हते. उलट मुंबईहून जातांना याच रीतीनें वजाबाकी करणाऱ्यास प्रवास फार थोडा भासतो. पहांटे दोनला निघालेलें विमान लंडनला सकाळीं साडेसहाला उतरलें, तर साडेचार तास दिसतात; खरे दहा असतात. उन्हाळ्यांत इंग्लंड आपलें घड्याळ एक तास पुढें करतें, तेव्हां साडेपांचाच्या जागीं साडेचार धरावे लागतात.

या घड्याळांनीं त्या घरांत आणखी एक घोटाळा केला. वडील सोमवारीं गेले असें थोरला सांगे, कारण त्याला फोन आला तो लंडनच्या सोमवारीं रात्रीं. धाकटा मंगळवार म्हणे. दाखल्यावर मंगळवारच आहे. वाद गुरुजींकडे गेला. त्यांनीं सांगितलें, आपला वार सूर्योदयाला बदलतो. पहांटे पांचाला उजाडलें नव्हतें, तेव्हां पंचांगानें तो सोमवारच. लंडनचें घड्याळ आणि आपलें पंचांग या एका मुद्द्यावर एक झालें, आणि दाखला एकटा पडला.

आमच्या एका वाचकानें मागें विचारलें होतें कीं इतका हिशेब पूर्वीं कोणी करीत असे काय. नसे, कारण प्रसंगच येत नसे. आनंदीबाई जोशी १८८३ च्या ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोटींत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, अठ्ठावन्न दिवस. परदेशीं गेलेल्या माणसाकरितां कोणी प्रेत थांबवीत नसे. त्याला पत्र जाई आणि तो तेथेंच स्नान करी. १९४८ च्या ८ जूनला एअर इंडियाचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हा येथें थांबत लंडनला निघालें, तेव्हांपासून हळूहळू पहिल्यानें मनांत येऊं लागलें कीं मुलगा कदाचित् वेळेवर येऊं शकेल. बोटीच्या काळांत न येणाऱ्या मुलास कोणी दोष दिला नाहीं. दोष द्यावयास विमान निघावें लागलें.

आतां त्या छत्तीस तासांचा जमाखर्च मांडूं. काकांना जमाखर्चाचीच भाषा पटते. मंगळवारीं पहांटे पांच ते बुधवारीं सायंकाळीं पांच. त्यांतले बावीस तास लंडनमध्येंच गेले. सोमवारची रात्र तिकीट शोधण्यांत. मंगळवारीं सकाळचें विमान होतें, त्यांत जागा नव्हती. मग कामावर रजेचा निरोप, आणि विमानतळावर तीन तास आधीं हजर होणें. नऊ तास आकाशांत. आणि मुंबईस उतरल्यापासून पुण्याच्या उंबऱ्यापर्यंत पांच: परवान्याची रांग, सामान, घाट. भागाकारानें ज्याचें उत्तर निघालें असतें तो भाग छत्तीसांत नऊ, म्हणजे चवथाई. बाकीचे तीन हिस्से भूगोलाच्या पुस्तकांत कोठेंच नाहींत. सकाळच्या विमानांत जागा मिळती तरी तो मुंबईस मध्यरात्रीनंतरच उतरता, पुण्यास पहांटे येता. ज्या क्षणीं फोन लागला त्याच क्षणीं सूर्यास्तापूर्वींची गोष्ट अशक्य झाली होती, आणि हें घरांत कोणालाच ठाऊक नव्हतें. ठाऊक असतें तर एक तर रात्रभर थांबण्याची व्यवस्था केली असती, नाहीं तर सकाळींच सर्व उरकून दिवसभराचें ताटकळणें वांचविलें असतें. दोहोंपैकीं कोणतें करावें हें ज्या त्या घरानें ठरवावें.

हा जमाखर्च थोरल्याच्या पत्नीनें मासिक श्राद्धाच्या दिवशीं एका कागदावर मांडून काकांच्या पुढें ठेवला. काकांनीं चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत तपासला, बेरीज पुन्हां केली, आणि बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग आंतल्या खोलींत जाऊन त्यांनीं लंडनला फोन केला. आधीं मात्र सुनेला विचारलें, "तिकडे आतां किती वाजले असतील? निजला तर नसेल?"

तेव्हांपासून त्यांच्या माजघरांत पंचांगाच्या खुंटीशेजारीं दोन घड्याळें आहेत. मार्चच्या शेवटच्या रविवारीं त्यांतलें एक तासभर पुढें करावें लागतें आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं तेवढेंच मागें. स्टुलावर चढून तें करावयाचें काम धाकट्याच्या मुलीकडे दिलें आहे. स्टूल धरावयास काका उभे असतात.